तक्रारपेटीतलं पहिलं पाकीट

"या इमारतीत लाच शिरायची म्हटली तर तिलाही आधी माझी सही घ्यावी लागेल," असं नियमराव छाती फुगवून सांगायचे.

नियमराव हे ऑफिसने ठेवलेलं नाव. कंपनीत लाचलुचपत होऊ नये म्हणून जो विभाग काढला होता, त्याचे ते प्रमुख. आणि विभागात दुसरं कुणीच नसल्यामुळे कर्मचारीही तेच. वर्षभरात त्यांनी चौसष्ट पानांची नियमावली लिहिली, लिफ्टमध्येसुद्धा फलक लावले आणि जिन्याखाली तक्रारपेटी बसवली. पेटीची किल्ली ते आंघोळीलाही गळ्यातून काढत नसत.

सगळं झकास चाललं होतं, तेवढ्यात बाहेरून परीक्षक बाई आल्या. विभागाला प्रमाणपत्र द्यायचं की नाही, हे त्या ठरवणार होत्या. प्रमाणपत्र नाही तर विभाग बंद, आणि नियमरावांची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींकडे! बाईंनी नियमावली चाळली आणि शांतपणे विचारलं, "वर्षभरात तक्रारी किती आल्या?"

"एकही नाही," नियमराव अभिमानाने म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. एवढ्या मोठ्या कंपनीत एकही तक्रार नाही, म्हणजे एक तर इथे सगळे संत आहेत, नाहीतर तुमच्या पेटीवर कुणाचा विश्वास नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या सोमवारी येते म्हणून त्या निघून गेल्या.

नियमरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण हार मानतील तर ते नियमराव कसले! घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात एक नामी युक्ती शिजली होती. लाच कुणी देत नसेल तर आपणच द्यायला लावायची! बायकोचा भाऊ तीन महिने त्यांच्याकडे मुक्कामाला होता आणि धंदा काढायचाय, धंदा काढायचाय म्हणत सोफ्यावर लोळत होता. त्याने खुर्च्यांचा व्यापारी बनून खरेदी विभागाच्या मॅडमना घड्याळ द्यायचं. मॅडम भडकणार, पेटीत तक्रार टाकणार, आणि प्रमाणपत्र आलंच म्हणून समजा! गुपित फुटू नये म्हणून त्यांनी मोठ्या साहेबांनाही काही सांगितलं नाही.

मेव्हणा हरखलाच. मंगळवारी नियमरावांचाच कोट घालून, नियमरावांच्याच गाडीतून तो गेला आणि अर्ध्या तासात घड्याळासकट परत आला.

"दाजी, मॅडमनी हातसुद्धा लावला नाही."

"भडकल्या का?"

"छे! उलट खुर्च्यांबद्दल फार आपुलकीने विचारत होत्या."

नियमराव खट्टू झाले. दिवसातून अकरा वेळा जिन्याखाली वाकून पेटी हलवायची, हाच त्यांचा उद्योग झाला. शुक्रवारी आत काहीतरी सरकलं. चांगलं जाडजूड, चिकटवलेलं पाकीट! नियमराव जिन्याखाली अक्षरशः नाचले. नाचताना डोकं पायरीवर आपटलं, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. पाकीट लगेच फोडायचा मोह मात्र त्यांनी आवरला. अशी गोष्ट चारचौघांतच फोडायची!

सोमवारी बैठकीची खोली गच्च भरली. मोठे साहेब, परीक्षक बाई, कोपऱ्यात खरेदीच्या मॅडम. नियमरावांनी उभं राहून पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. मंगळवारी खुर्च्यांच्या एका व्यापाऱ्याने आपल्याला घड्याळ देऊ केलं आणि आपण ते परत केलं, असं मॅडमनी लिहिलं होतं. बाईंनी मान डोलावली. नियमरावांचा आवाज आणखी चढला. बुधवारी त्याच माणसाने दोनशे खुर्च्यांचं दरपत्रक पाठवलं. इथे नियमराव जरा अडखळले, कारण हे काही ठरलेलं नव्हतं. दर फारच कमी होता, म्हणून मॅडमनी त्याचा पत्ता तपासला होता. तो पत्ता वाचताना रस्त्याच्या नावापर्यंत नियमरावांना तो नुसता ओळखीचा वाटला. घराचा नंबर आला तेव्हा ते कागदाची घडी घालू लागले.

"वाचा ना," परीक्षक बाई म्हणाल्या. "तक्रार अर्धवट वाचायची नाही, हे तुम्हीच लिहिलंय."

"'हा पत्ता,'" नियमराव पुटपुटले, "'तक्रारपेटीच्या प्रमुखांच्या घरचा आहे. तो माणूस त्यांच्याच गाडीतून आला होता, हे मी खिडकीतून पाहिलं. आता तक्रार कुणाकडे करावी ते कळत नाही. तरी पेटीवर विश्वास ठेवून टाकते आहे.'"

ही फक्त परीक्षा होती, असं नियमराव कळवळून सांगू लागले. मग दरपत्रक कसलं, असं साहेबांनी विचारताच त्यांनी सगळ्यांसमोर मेव्हण्याला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"अहो दाजी, त्या इतकं विचारत होत्या, म्हटलं खरंच धंदा सुरू करू या! ताईसुद्धा खूश आहे."

परीक्षक बाई मात्र भराभर लिहीत होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. इथली कर्मचारी न घाबरता थेट प्रमुखाविरुद्ध तक्रार करते आणि प्रमुख ती शेवटपर्यंत वाचून दाखवतो, अशी यंत्रणा आपण कुठेच पाहिली नाही, असं म्हणून त्यांनी प्रमाणपत्रावर सही ठोकली! खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. नियमरावांना भरून आलं. सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत होते, आणि बाकीचे थांबले तरी त्यांच्या चालूच होत्या. त्यामुळे विभागाच्या नव्या प्रमुख म्हणून खरेदीच्या मॅडमची नेमणूक झाल्याचं मोठ्या साहेबांना दोनदा सांगावं लागलं.