रांगेत उभं राहून भरलेली हवा

"आणतो की मी!" असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात टॉवेलासकट थांबला.

"काय आणताय?"

"तुझ्या भावाचा ट्रक."

"बरं. आणि चालवणार कोण?"

आता या प्रश्नाला काही अर्थ आहे का? माझ्याकडे लायसन्स आहे. (ते मी दर पाच मिनिटांनी खिशात चाचपून बघतो, ही गोष्ट वेगळी.) पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या माणसाला घरात कोणी शूर समजत नाही, आणि सासरी तर नाहीच नाही. म्हणून संधी दिसली की माझ्या तोंडातून आधी शब्द जातात आणि विचार मागून येतो.

झालं होतं असं की, मेहुण्याचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांपलीकडे एक हॉटेल आहे. तिथं डांबरी रस्ता जातच नाही. त्याच्याच शेजारी मेहुण्याचं घर, आणि तिथं पाहुण्यांना पोचवायचं, हा त्याचा धंदा. त्यासाठी फोर-व्हील ड्राइव्हचा ट्रक. पुढे सीटच्या दोन ओळी, मागे सामानाचा हौदा. ट्रक दुरुस्तीला आमच्या शहरात आला होता.

"भाऊजी, उद्या सकाळी गाडी दारात नसली तर हॉटेलवाला काम दुसऱ्याला देईल," मेहुणा म्हणाला. "ड्रायव्हर ठरवलाय मी, पण गाडी तर हवी! माझं पोट आहे हो तिच्यावर." मग त्यानं सूचना दिल्या. वाळू लागली की टायरमधली हवा कमी करा. गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून फोर-व्हीलला टाका. एकदा निघालात की मध्ये थांबू नका. आणि भरतीच्या आत पोचा.

मी प्रत्येक सूचनेला "हो हो" म्हणालो. ऑफिसात मी असंच करतो आणि तिथं आजवर काही बुडालेलं नाही.

सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. मुलाचा पाय बघायला त्याही निघाल्या. मागे बसलं की त्यांना मळमळतं, म्हणून त्या पुढे, बायको मागे. पुढे बसल्याबरोबर सासूबाईंनी आपली पिशवी गिअरशेजारच्या छोट्या दांड्याला अडकवली.

"बरी खुंटी केलीय हो," त्या म्हणाल्या.

"हल्ली सगळं बघतात कंपनीवाले," मी म्हणालो.

वाटेत पंपावर मी टायर तपासले आणि चारही टायरांत हवा टम्म भरून घेतली. रांगेत उभं राहून! ऊन मी म्हणत होतं, पुढचा माणूस आपल्या सायकलीच्या चाकातला व्हॉल्व्ह सापडेना म्हणून घाम पुसत होता, तरी मी जागा सोडली नाही.

डांबरी रस्ता संपला आणि समोर वाळू पसरली. एका बाजूला टेकड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्र तसा लांब होता. इतका लांब, की मला त्याचं कौतुकही वाटलं.

"अहो, हवा कमी करायची होती ना?" मागून आवाज आला.

"आत्ता भरलीय!"

"दादानं सांगितलंय."

"रांगेत उभं राहून भरलेली हवा अशी वाळवंटात सोडून द्यायची? पुढे कुठे भरणार? आणि टायर बसले तर?" आमच्या घरात गळक्या नळाखाली बादली ठेवतात, वाया जायला नको म्हणून. मी त्याच घरातला माणूस आहे.

"निदान ते फोर-व्हील तरी..."

"चालू आहे. चारही चाकं फिरतात. गॅरेजच्या दारात मी स्वतः वाकून बघितलीत."

यावर ती जे बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही आणि ते ऐकणं महत्त्वाचं वाटलं. मला भांडताना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी थांबवली. भर वाळूत.

भांडण संपलं (मी हरलो, पण हवा तशीच राहिली), गाडी सुरू केली आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं, वाळू उडाली, गाडी जागची हलली नाही. अजून दाबला. गाडी हलली, पण खाली. दार उघडून बघतो तो मागची चाकं अर्धी वाळूत. एखादं पाऊल मागेपुढे जाऊन बघावं म्हणून आणखी दाबला, तर गाडी पोटावर बसली.

आणि मघाचा लांबचा समुद्र आता तितका लांब नव्हता.

"भरती," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"नाही हो आई, लाटाच जरा मोठ्या आहेत."

"मघाशी तो काळा दगड कोरडा होता."

आता त्या दगडाचं नुसतं टोक दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर मेहुण्याचा ट्रक तरंगायला लागला. प्लास्टरातला पाय, हातातून गेलेलं काम, त्याची पोरं, आणि "जावयानं बुडवलं" असं सांगणारं अख्खं सासर. आई गं! मला खरंच रडू येत होतं. नातं बुडणं परवडलं असतं. इथं त्या माणसाची भाकरी बुडत होती.

गाडी हलकी करायला हवी, एवढं मला कळलं.

"आई, जरा खाली उतरता का?"

"का?"

"गाडीवरचं वजन..."

मागून बायकोनं कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला.

"माझं वजन?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही नाही, सगळ्यांचंच! तुमचं तर काहीच नाही."

"काहीच नाही, तर मग उतरून उपयोग काय?"

बिनतोड! मी हात जोडले. शेवटी एक लाट चाकापासून हाताभर अंतरावर येऊन फेस सोडून गेली, तेव्हा त्या उतरल्या. पण जाताना दांड्यावरची पिशवी घेऊन उतरल्या, आणि बायकोला दांडा दिसला.

"अहो, हा ओढला होता का?"

"तिथं आईंची पिशवी होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं केसांतली पिन काढली आणि पहिल्या टायरापाशी बसली. फुस्स! एकेक टायर बसत होता आणि मला तो पंप, ते ऊन, ती रांग आठवत होती. तोवर मी जेवणाच्या डब्याच्या झाकणानं चाकांपुढची वाळू उपसत होतो आणि मनातल्या मनात सगळ्या देवांची क्षमा मागत होतो.

"आता मी चालवते. तुम्ही ढकला."

"तुला जमेल?"

"बुडवायला तर जमेलच!"

तिनं दांडा ओढला. सासूबाई पुढे टेकडीच्या कडेला घट्ट जमिनीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीतली छत्री काढून, ती हलवून दिशा दाखवू लागल्या. मी मागून खांदा लावला. लाट घोट्यापर्यंत आली, गेली, पुन्हा आली. गाडी थरथरली, चारही चाकांनी वाळू फेकली (जवळजवळ सगळी माझ्या तोंडात), आणि अहाहा, सुटली!

मी मात्र तोंडावर आपटलो. उठून बघतो तर गाडी चाललेली. "थांब! अगं थांब!"

ती थांबली नाही. "थांबू नका" हे तिनं मन लावून ऐकलं होतं. थांबली ती थेट छत्रीपाशी. मी धापा टाकत, ओलाचिंब, कानांत वाळू घेऊन पोचलो.

आम्ही घरी पोचलो, तेव्हा मेहुणा कुबड्या घेऊन फाटकातच उभा होता. गाडी बघून त्यानं तिच्या बॉनेटवर हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. (वाळूनं असेल.) सासूबाईंनी सगळी हकिगत सांगितली. त्यात पिशवीचा उल्लेख नव्हता.

तेवढ्यात ठरवलेल्या ड्रायव्हरचा फोन आला. ताप आहे, उद्या येत नाही.

मेहुण्याचा चेहरा पडला. इतकं सगळं करून पुन्हा तिथंच! माझं मन भरून आलं, छाती पुढे आली आणि मी तोंड उघडलं, "आणतो... म्हणजे नेतो की मी..."

"नको!" तिघंही एकदम ओरडले.

"अगं, तू चालवशील?" मेहुण्यानं विचारलं. बायकोनं मान डोलावली आणि त्यानं तिथल्या तिथं हॉटेलवाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी शंका काढत असावा, कारण मेहुणा हसून म्हणाला,

"काही चिंता नको साहेब. ड्रायव्हर पक्का आहे. आणि रुतलीच गाडी, तर ढकलायला आमच्या घरचा माणूस सोबत देतोय. अनुभवी आहे."