फुगवट्यावरचे कंडक्टर

खरातमामा पाण्याच्या काठावर उभे राहून बगळ्यांना ओरडतात, "आत सरका, आत सरका, आत लई जागा हाय!" बगळे सरकत नाहीत. एसटीतले प्रवासीही सरकत नसत, त्यामुळं मामांना त्याचं काही वाटत नाही.

मामांची सगळी नोकरी पैठणच्या गाडीवर कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त झाले आणि त्यांनी जायकवाडीच्या फुगवट्याच्या एका फाट्याचा परस्पर ताबा घेतला. फुगवटा म्हणजे धरणामागं पसरलेलं पाणी. त्यांना कुणी नेमलेलं नाही, कुणी बोलावलेलं नाही. रोज सकाळच्या गाडीनं यायचं, काठावर माजलेली बेशरमाची झुडपं उपटायची, तुटकी जाळी गोळा करायची, आणि तिकिटाचा जुना चिमटा जेवणाच्या डब्यावर वाजवत फिरायचं. एकदा वाजला की थांबा, दोनदा वाजला की चला. हा नियम माणसांना, गुरांना आणि पाखरांना सारखाच लागू.

आम्हा शहरातल्या, गारखेड्याच्या सोसायटीवाल्यांना पर्यावरणाचा पुळका आला तो नळाला आठवडाभर पाणी येईना तेव्हा. आपण पितो ते पाणी याच धरणातलं, असा शोध लागला आणि लगेच फुगवटा बचाव समिती निघाली. मी सचिव. पहिल्या बैठकीत टी-शर्टचा रंग ठरला, दुसऱ्या बैठकीत तो बदलला. तिसऱ्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला होता, पण तेवढ्यात चहा आला.

पहिल्याच रविवारी आमच्या अध्यक्षांनी गाडी थेट पाण्यापर्यंत नेली. चिमटा वाजला.

"कुठं निघाले साहेब? ही सीट राखीव हाय."

"कुणासाठी?"

मामांनी चिखलात तुरुतुरु पळणारी चिमुकली पाखरं दाखवली. "पार सायबेरियावरून आलेत. एवढा परवास उभ्यानं केलाय बिचाऱ्यांनी. बसू द्या जरा."

आम्ही पोट धरधरून हसलो. मग मामांनी आम्हा सगळ्यांना एका रांगेत चालायला लावलं आणि हसू थांबलं. मी जरा बाजूला झाले तर लगेच, "ओ म्याडम, तुमी शिकलेल्या ना? मग पाय कुठं पडतो ते बघा की!" माझ्या नवऱ्याची आजवर अशी हिंमत झालेली नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष आलं. पाणी पार आत गेलं आणि तळाची जमीन उघडी पडली. आमच्या अध्यक्षांना मोकळी जमीन बघवत नाही. ते बिल्डर आहेत. त्यांनी तिथं वृक्षारोपण जाहीर केलं. बॅनर आला, पाहुणे आले, खड्डे खणायला जेसीबी आला. झाडं सर्वांत शेवटी आली.

मामा जेसीबीच्या पुढ्यात उभे. "साहेब, धरण भरलं की ही झाडं उभ्या उभ्या बुडत्याल. आन् हितं टिटवीनं अंडी घातल्यात."

बारीक खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती. टिटवी आमच्या डोक्यावर नुसती किंचाळत होती.

"चारच ना? उचलून पलीकडं ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "पक्षीच तो, त्याला काय कळतंय!"

मामा अंड्यांच्या शेजारी मातीत बसले. "आधी मला उचला."

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. सबंध कार्यक्रमात अक्कल असलेला तेवढा एकच माणूस. पाहुण्यांनी रोपटं हातात धरून फोटो काढला आणि मंडळी नाश्त्याला पांगली. म्हाताऱ्याला समजावायचं काम अर्थातच सचिवाकडं.

ऊन मी म्हणत होतं. मी वैतागून म्हटलं, "मामा, चार अंड्यांसाठी एवढा तमाशा?"

त्यांनी गाळातून वर आलेल्या दगडांच्या ओळीवर हात फिरवला. "ही आमच्या घराची भिंत. धरण झालं तवा मी लहान व्हतो. साहेब आले, म्हणले, उचला सामान, पलीकडं जा. माय दोन दिसाची बाळंतीण. म्हणली, थोडं थांबा, लेकरू लई लहान हाय. कुणी थांबलं नाय बघा. बैलगाडीत घालून नेलं. भाऊ वाटंतच गेला." मग दगडावरचा गाळ पुसत म्हणाले, "त्याचं नाव बी ठिवलं नव्हतं."

इतके दिवस आम्ही या माणसाला हसत होतो. माझी मलाच लाज वाटली. मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला आणि सांगितलं, जेसीबी परत न्या, झाडं तुमच्या प्लॉटवर लावा. सचिवपद त्या फोनवरच गेलं, पण जेसीबीही गेला.

टिटवीला उतरता यावं म्हणून मामांनी मला हात धरून लांब नेलं. बऱ्याच वेळानं टिटवी खाली उतरली, इकडंतिकडं बघत चार पावलं चालली आणि अंड्यांवर बसली.

"बस माय, बस," मामा हळूच म्हणाले. "निवांत बस. तुला कुणी उठवत नाय."