हलकी चाकं

सोनवणे सर सायकलवर बसण्याआधी बनियनचं लेबलसुद्धा कात्रीने कापत. "दोन ग्रॅम, कुलकर्णी! कमी म्हणजे कमीच."

सुरतच्या भेस्तान भागातल्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या दारात राहतात, एकटेच. मूळ धुळ्याकडचे, मराठी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. वर्षभर त्यांनी एकाच प्रश्नावर माझं डोकं खाल्लं. सायकलला हलकी चाकं घ्यावीत, की उंच रिमची? हलकी चढावर बरी, उंच रिमची सपाटीवर वारा कापतात. मी बँकेतून दमून यायचो, तर हे जिन्यात वजनकाटा घेऊन उभे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जेवायला बोलावलं, तर माझ्या बायकोला ताटाचा काठ दाखवून रिमची उंची समजावत बसले. भात गार झाला.

शेवटी दुकानदारानेच हात जोडले. "सर, सुरतमां चढाण क्यां छे? ब्रिज सिवाय?"

"मन्हं आयक," सर त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "हलकीच दे."

सगळी सोसायटी हसली. मी जरा जास्तच हसलो.

पुढच्या रविवारी सर दारात. "सायकल तुमच्या गाडीत टाकू. सापुताऱ्याचा घाट मात्र मी चढणार."

वाटेत त्यांनी सांगितलं. मुलगी माधुरी तिथल्या निवासी शाळेत शिकवते. आठ वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि सरांनी तिला बजावलं, या घराची पायरी चढू नकोस. ती चढली नाही. आईच्या दहाव्यालाही नाही.

"फोन उचलत नाही," सर म्हणाले. "गाडीतून उतरलो तर म्हणेल, बाप आयता आला. घाट चढून गेलो तर निदान बोलेल."

मी गाडी घेऊन मागे रांगत होतो. सर तीनदा थांबले, एकदा ओकले. "बसा आत," मी ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

शाळेच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, "माधुरी मॅडम? वो तो दो साल पहले नौकरी छोडके गयी."

"कहाँ?" मी विचारलं.

"बताया नहीं किसी को. आप कौन?"

मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "टीचर था उनका. बचपन में गणित सिखाता था."

वॉचमनने आदराने खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत.