टोरंटो ते तलवाडा

आमच्या तलवाड्यात कोणी वारलं आणि त्याचं लेकरू परदेशात असलं, की माती किती वाजता द्यायची हे गंगाधरअप्पा सांगायचे. अप्पा एसटीतले निवृत्त कंट्रोलर, माझे शेजारी. जन्मात विमानात बसलेले नाहीत. पण सिडनी ते मुंबई किती किलोमीटर, सिंगापुरात किती तास खोळंबा, हे त्यांना गेवराईच्या गाडीइतकं पाठ.

मयताच्या घरी सगळे रडत असताना यांचा पहिला प्रश्न, "पोरगं कुठं असतं?" पुणं म्हटलं की चेहरा पडायचा. "मग काय, जेवायच्या आत येतंय." अमेरिका म्हटलं की कानावरची पेन्सिल हातात यायची. "तुमी पल्ला सांगा, येळ मी सांगतो."

मला संताप यायचा. माणूस मेलाय आणि याला वेळापत्रक सुचतंय. पण पाहुणे त्यांच्या शब्दावर घरून निघत आणि अप्पांचा अंदाज दहा मिनिटांनीसुद्धा हुकत नसे. त्यांची खुबी एकच. प्रत्येक हिशेबात ते अर्धा तास जास्तीचा धरायचे.

"रडायचा," म्हणायचे. "विमानातून उतरलं की लेकरू कुठंतरी कोपऱ्यात बसून रडतंय. त्ये धराय पायजे."

मागच्या उन्हाळ्यात सकाळी सातला काकू, म्हणजे अप्पांची बायको, गेल्या. एकुलता एक सतीश टोरंटोत. परसात नेऊन अप्पांना फोन मीच लावून दिला, स्पीकरवर.

"अप्पा, माझी कागदपत्रं अडकलीत. निघालो तर परत इथं येता येणार नाही. माझी वाट नका बघू." तो हुंदके देत होता.

"बरं. जिवाला जप," अप्पा म्हणाले. मग ओसरीवर येऊन त्यांनी भावकीला सांगितलं, "निघालाय सतीश. साडेबारा हजार किलोमीटर हाय. मधी दोहाला थांबा, मुंबईवरनं गाडी. उद्या चारला माती."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

गेवराईहून शीतपेटी आणली. अप्पा तिच्याजवळून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीनपासून सगळं गाव रस्त्याकडे बघत होतं. चार वाजले तसे भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "अप्पा, येळ झाली की. पोरगं कुठंय?"

अप्पांनी घड्याळ बघितलं. "रडायचा अर्धा तास धरायचा राहिला बघा माझा. थांबा थोडं."

थांबलो. साडेचारला ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "पोराचा काई दोष न्हाई. माझाच हिशेब चुकला. उचला आता."

तेव्हापासून त्यांना कोणी वेळ विचारत नाही. लोक मोबाईलवर बघतात. परवा एका मातीला अप्पा पार मागे बसले होते. कानावर पेन्सिल नव्हती. मला हळूच विचारलं, "काय म्हणतोय मोबाईल?"

"एकोणीस तास."

"रडायचा धरलाय का त्यात?"

"नाही," मी म्हणालो.