रिकाम्या पडद्याचे ठोसर

ठोसर सरांचा कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे आमच्या चंदीगडच्या विद्यापीठात एकट्या ठोसर सरांनाच कळायचं. पडदा नुसता राखाडी. त्यावर चित्र नाही, बटण नाही, घड्याळ नाही, खालच्या कोपऱ्यातली बोटभर चौकट सोडली तर काही म्हणता काही नाही. नवीन शिपाई वीज वाचवायची म्हणून इमानेइतबारे त्याचा प्लग काढून ठेवायचा. मग सर त्याला समोर उभं करून समजवायचे, की बाबा रे, जो गप्प बसतो तो काही मेलेला नसतो.

मी खानझोडे, नागपूरची. नवरा हवाई दलात, त्याच्या बदलीबरोबर इकडे आले आणि संख्याशास्त्र शिकवायला लागले. ठोसर सर मिरजेचे, माझ्याहून बरेच मोठे. विभागात मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं, त्यामुळे त्यांची प्रवचनं ऐकायची ड्यूटी देवाने माझ्याच माथी मारली होती.

प्रवचनाचा विषय एकच, विंडो मॅनेजर. म्हणजे काय ते सांगते, मलाही आधी ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवर ज्या खिडक्या उघडतात त्या कुठे मांडायच्या, कोणती पुढे, कोणती मागे, हे बघणारा एक कारभारी असतो. तुमच्याआमच्या मशीनवरचा कारभारी कंपनीने दिलेला, शेरवानीतला. सरांनी फुकट मिळणारी सिस्टीम घालून लंगोटी नेसलेला कारभारी नेमला होता. तो खातो किती थोडं आणि धावतो किती, हे सांगताना त्यांचा आवाज जावयाचं कौतुक करावं तसा व्हायचा.

तो काळच झगमगाटाचा होता. बाजार खुला झालेला, मोहालीत काचेच्या इमारती उठत होत्या, आणि आमच्याकडे रंगीत मॉनिटर आले होते. प्रत्येकाच्या पडद्यावर स्वित्झर्लंडचा बर्फ. कसौलीचे खरे डोंगर मागच्या खिडकीतून फुकट दिसायचे, पण त्यांच्याकडे पाठ करून आमचे प्राध्यापक स्वित्झर्लंड बघत बसायचे. सर म्हणायचे, "खानझोडेबाई, फापटपसारा! हा डोंगर किती मेमरी खातो, विचारा की त्यांना."

"किती मेमरी खातं?" हा प्रश्न ते कशालाही लावायचे. मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर बघूनही हेच. पंचकुल्याला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. चाट, चायनीज, तंदूर, जिलेबी, टेबलांची रांग संपता संपेना. यांनी ताटात डाळ-भात घेतला आणि यजमानांना म्हणाले, "बाकी सब बॅकग्राउंड में चलने दीजिए." यजमानांना वाटलं, पाहुणचारात काहीतरी चुकलं. बिचाऱ्यांनी हात जोडून माफी मागितली.

त्यांच्या कारभाऱ्याने एका पडद्याच्या चार खोल्या केल्या होत्या. कळ दाबली की एक खोली जाऊन दुसरी यायची. पहिलीत शिकवणं, दुसरीत संशोधन, तिसरीत विद्यापीठाच्या कार्यालयाशी भांडणं.

"आणि चौथीत?" मी विचारलं.

"काही नाही. माणसाला एक खोली रिकामी लागते, बाई."

दोन खोल्यांच्या घरात सासू, दोन पोरं आणि नवऱ्याच्या लोखंडी ट्रंका घेऊन राहणाऱ्या बाईला हे ऐकवत होते. अरे बाप्पा!

त्यांच्याकडे खिडकीच्या कपाळावर दोनदा टिचकी मारली की खिडकी चटईसारखी गुंडाळली जायची, नुसती पट्टी उरायची. ही सोय त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती माणसांनाही लावली. मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की सर टेबलावर दोन टिचक्या मारून म्हणायचे, "लपेटिए." आमचे विभागप्रमुख ग्रेवालसाहेब म्हणजे दिलदार माणूस, पण तोंड उघडलं की पंजाब मेल. त्यांनाही हे "लपेटिए, साहब" म्हणायचे. ग्रेवालसाहेब हसायचे आणि बोलत राहायचे.

आणखी एक खोड. त्या मशीनवर माउस ज्या खिडकीवर असेल, अक्षरं त्या खिडकीत उमटायची. क्लिक वगैरे करायची भानगड नाही. एकदा सर कुलसचिवांना खरमरीत पत्र लिहीत होते, शेजारच्या खिडकीत प्रश्नपत्रिका उघडी होती. माझ्या पदराने माउस सरकला आणि 'आपल्या कारभारापुढे गाढवही हुशार ठरेल' हे वाक्य इंग्रजीत प्रश्नपत्रिकेत जाऊन बसलं. छापूनही आलं. दोन पोरांनी ते आकडेमोडीसकट सोडवलं, आणि सरांनी त्यांना मार्क दिले.

अशा माणसाशी मालतीकाकूंनी संसार कसा केला, देव जाणे. काकू मोठ्या बोलक्या. कॅम्पसमध्ये कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, सगळं त्यांना आधी कळायचं. मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ वळेना. डोकं लख्ख, पण तोंडातून शब्द नाही. क्वार्टरमध्ये पलंगावर असायच्या, दिवसा सोबतीला एक बाई. कुणी विचारलं तर सर "बरी आहे" म्हणायचे आणि विषय गुंडाळायचे. मला भारी राग यायचा. घरी एवढं दुखणं, आणि हा बाबा लंगोटीवाल्या कारभाऱ्याची आरती करत फिरतो!

अशात वरून हुकूम आला. सगळ्यांना एकसारखी नवी मशीनं, जुनी सगळी कंडम. सर नाही म्हणाले. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस ग्रेवालसाहेबांच्या दारात खेटे घालू लागला. "बढती नका देऊ, मोठी खोली काढून घ्या, पण हे डबडं राहू द्या." सगळे हसले. मीही हसले.

शेवटी ग्रेवालसाहेब स्वतः आले, बरोबर मशीन काढणारा टेक्निशियन. मराठीत समजूत घालायला मला ओढून आणलेलं.

"ठोसरजी, छोड़ो यार ये डब्बा," साहेब म्हणाले. "नया देखो, कितना सुंदर है!"

"सुंदर है, पर अटकता है," सर म्हणाले. "रोज अटकता है. ये कभी नहीं अटका."

"तो क्या हुआ? पाँच मिनट रुक जाओ."

 टेक्निशियन कामाला लागला. काही उघडं राहिलंय का बघायला तो खोल्या बदलू लागला. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक खोलीत खालच्या कोपऱ्यात एक छोटीशी खिडकी होतीच. बाकी सगळं बदलायचं, ती जागची हलायची नाही. रिकाम्या चौथ्या खोलीतही ती होती.

तेवढ्यात त्या खिडकीत एकेक अक्षर उमटू लागलं. इंग्रजी अक्षरं, शब्द मराठी. 'काय चाललंय?'

सरांनी टेक्निशियनला हाताने बाजूला केलं आणि बसून टाइप करू लागले. टाइप करताना पुटपुटायची त्यांना सवय. मला सगळं ऐकू येत होतं.

"ग्रेवाल आलाय. आज पोपटी पगडी, टायही पोपटी. खानझोडेबाई रागावून उभ्या आहेत, नाक लाल झालंय. बाहेर माळ्याने पिटुनियाची रोपं आणलीत, जांभळी जास्त, पांढरी कमी. शर्मांची सून माहेरी गेली म्हणतात, खरं काय ते दुपारी काढतो. जिन्यात खारीने घर केलंय, शिपाई तिला बिस्किट घालतो आणि कुणी ओरडलं की माझं नाव सांगतो..."

थांबेचनात. ज्या माणसाने आम्हाला जन्मभर "लपेटिए" म्हणून छळलं, तो खारीच्या शेपटीचंही वर्णन करत होता. 

"मेरा नाम आया ना?" ग्रेवालसाहेब माझ्या कानात म्हणाले. "किससे बात कर रहे हैं?"

"घर पे. भाभीजी से," मी म्हणाले. "बोल नहीं सकतीं, तो वहाँ के कॉम्प्युटर से लिखती हैं. एक हाथ से."

 पंजाब मेल उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी खुणेने टेक्निशियनला बाहेर पाठवलं. मग घसा साफ करून म्हणाले, "ठोसरजी, ये मशीन कहीं नहीं जाएगी. कागज़ मैं देख लूँगा. भाभीजी को मेरा नमस्ते लिखो."

सरांनी लिहिलं. मग आम्ही तिघं त्या बोटभर खिडकीकडे बघत राहिलो. एक अक्षर यायचं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग दुसरं. एक चुकलं, ते पुसलं गेलं, पुन्हा आलं. कुणी हललं नाही. वाक्य पूर्ण झालं.

'चहा दिला का त्यांना?'

"क्या लिखा?" ग्रेवालसाहेबांनी विचारलं. मी त्यांना हिंदीत सांगितलं.

सर खुर्चीतून धडपडत उठले. एवढ्या वर्षांत त्या खोलीत कुणाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं त्यांनी. साहेबांना आपली खुर्ची दिली, खिसे चाचपले आणि अगदी कावरेबावरे होऊन मला म्हणाले, "खानझोडेबाई, इथे चहा कुठे मिळतो हो?"