रकाना क्रमांक सात

कलावंत घडतो प्रभावांमुळे, आणि प्रभाव घडतात अर्जातल्या रकाना क्रमांक सातमुळे. जळगावच्या अभिजात स्वरसाधना परिषदेचं हे तत्त्व इतकं उदात्त आहे, की त्यापुढे खुद्द कलावंताचंही काही चालत नाही.

सोनगीरचा प्रशील हा समकालीन अभिजात रचनाकार (म्हणजे हयात आहे आणि त्याची रचना वरातीत वाजत नाही). परिषदेचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो आईला म्हणाला, “पुस्तिकेत तुझं नाव छापून येणार.” आणि त्यासाठी भरायच्या अर्जात, ‘प्रभाव’ या रकाना सातमध्ये, त्याने खरं तेच लिहिलं: ‘आई नर्मदाबाई आणि सहा शेजारणी. उन्हाळ्यात ओट्यावर उडदाचे पापड लाटताना प्रत्येकीचं लाटणं वेगळ्या लयीत चाले; पाऊणशे पापडांनंतर सातही लाटणी आपोआप समेवर येत.’

अर्ज परत आला. शेरा: त्रुटीपूर्तता करावी, अन्यथा पुरस्कार रद्द. नियमानुसार प्रभावांत एक तरी परदेशी हवा, एक तरी दिवंगत हवा, आणि घरातलं कोणी नको.

“आईंचा आदर आहेच, प्रशीलभाऊ,” अध्यक्ष अमृतराव फोनवर म्हणाले. “पहिल्या रांगेत बसवू त्यांना. पण पुस्तिकेत पापड कसे छापायचे?”

प्रशीलला लाज वाटली, पण पुरस्कारही हवा होता. त्याने आर्व्हिड क्यूलमान नावाचा एक संगीतकार जन्माला घातला आणि त्याच ओळीत मारला. परदेशी आणि दिवंगत, दोन्ही अटी एकाच माणसात भागल्या (काटकसर आईकडूनच आलेली).

समारंभाला नर्मदाबाई शेजारणींना घेऊन आल्या. पुस्तिकेच्या ओळींवर बोट ठेवून त्यांनी आपलं नाव तीनदा शोधलं. मग रचना सुरू झाली. पाचव्या मिनिटाला सातही जणींचे तळवे मांडीवर चालू लागले, आणि नर्मदाबाई अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “प्रशील, हाई ते आमना लाटनासना आवाज शे!”

दोनशे चौदा रसिक हसले (दोघे झोपेत होते). अमृतरावांनी माइक घेऊन खुलासा केला, की ही क्यूलमान यांच्या उत्तरकाळाची छाया आहे. माना डोलण्याचं प्रमाण तत्काळ शंभर टक्क्यांवर गेलं. प्रशील काहीतरी बोलायला उठला, तोवर अंगावर शाल पडली. आईकडे त्याला बघवेना.

“तो क्यूलमान कोन गावना शे रे?” परतताना गाडीत तिने विचारलं.

वाचकहो, त्या रसिकांना हसू नका. आर्व्हिड क्यूलमान हे नाव एव्हाना तुम्हालाही पाठ झालंय. त्या सहा शेजारणींपैकी एकीचंही नाव तुम्ही अजून विचारलेलं नाही.