दोन्ही दारांवरचे आप्पा

मृणाल मॅडमच्या तोंडी सतत आप्पा असायचे. "आप्पांनी अडवलं." "आप्पांना सांगून ठेवते." "आप्पा तापलेत, पंखा लावा जरा." मॅडम ठाण्याला, जुन्या नौपाड्यात राहतात हे कळल्यावर मी ठरवून टाकलं, घरात कडक सासरे असणार. एकदा आदराने विचारलंही, "आप्पांची तब्येत कशी आहे आता?"

मॅडमनी कपाटातल्या एका काळ्या चपट्या डब्याकडे बोट केलं. "हे काय, दिवे हिरवे आहेत. ठणठणीत!"

तो डबा म्हणजे फायरवॉल. आमच्या लॅबचे सगळे कॉम्प्युटर एका बाजूला, बाहेरचं जग दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हा. "चाळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून एक आजोबा बसतात ना? कोण पाहिजे, कुणाकडचे तुम्ही, काम काय? पटलं तर सोडणार, नाहीतर आल्या पावली परत. तेच हे."

मला ते लगेच पटलं. मी कळव्याला बैठ्या चाळीतच वाढले. वडील डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि त्यांचा दमा मात्र चालू राहिला. आईने लोकांकडे पोळ्या लाटून मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. डोंबिवलीच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा आईने पोळ्यांची कामं सोडली. घर आता माझ्या पगारावर.

आणि वर्षभरात ती लॅब ठाण्याच्या एका मोठ्या लॅबने विकत घेतली. दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडायला ठाण्याहून मृणाल मॅडम आल्या. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, पाठीला कॉलेजच्या मुलांसारखी सॅक, आणि अंबाड्यात खोचलेला स्क्रू ड्रायव्हर. मशीनच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करायच्या. आत माणूस नसायचा. तरी टकटक.

आल्या आल्या घोळ निघाला. प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, घराला पत्ता असतो तसा. ठाण्याला आणि आमच्याकडे, दोन्हीकडे नंबर तेच! कधीकाळी ज्यांनी ज्यांनी मशीनं बसवली, त्यांनी हाताला आले ते सरधोपट नंबर देऊन टाकलेले. ठाण्यात दहा नंबरवर रिपोर्टचा सर्व्हर, आमच्याकडे दहा नंबरवर साखर तपासायचं मशीन.

ठाण्याच्या डॉक्टरसाहेबांनी फोनवर चुटकीसरशी निकाल लावला. "सिंपल आहे, मॅडम. डोंबिवलीचे नंबर चेंज करून टाका."

"त्यांनी काय केलंय?"

"केलं काही नाही हो. पण आपण त्यांना विकत घेतलंय ना!"

"मग?"

या 'मग'वर डॉक्टरसाहेब वैतागले. "सोमवारपर्यंत जोडणी झाली नाही, तर तिथली मशीनं उचलून इकडे आणतो. डोंबिवलीत नुसतं रक्त घ्यायचं. त्याला एक माणूस पुरे."

फोन स्पीकरवर होता. डोंबिवलीच्या लॅबमधले आम्ही तिघं तिथेच उभे. त्या एका माणसात मी बसत नव्हते, मला सुई टोचता येत नाही.

मॅडमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ती मशीनं जुनी, नंबर बदलायचा तर कंपनीचा माणूस बोलवा, तो येईपर्यंत लॅब बंद. पण साध्या प्रिंटरचा नंबर बदलायलाही त्या तयार नव्हत्या! मी म्हटलं, "मॅडम, निदान हा तरी? दोन मिनिटांचं काम आहे."

"या बिचाऱ्याने काय केलंय?" म्हणत त्यांनी प्रिंटरच्या पाठीवर हात ठेवला. इतका जीव त्या नंबरात का, मला कळेना.

रविवारी आम्ही दोघी बसलो. तिकडे डॉक्टरसाहेब फोन धरून.

"वैशू, ऐक," मॅडम म्हणाल्या. "ठाण्याच्या घरात एक सुनंदा आहे. डोंबिवलीच्या घरातही सुनंदा. ठाण्यात 'सुनंदा' अशी हाक मारली, तर ओ कोण देणार?"

"ठाण्याची."

"हाक दारापर्यंत तरी जाईल का? मग आप्पांना कसं कळणार, पलीकडची हवीय म्हणून? तेव्हा ठाण्यापुरतं इकडच्या सुनंदाला माधवी म्हणायचं. घरात माधवी कुणीच नाही, म्हणजे हाक दारावर जाणार. दारावर आप्पा. ते ओळखतात, पलीकडची माधवी म्हणजे सुनंदा, आणि निरोप पोचवतात. सुनंदाला तिच्या घरात कुणी हात लावत नाही."

मॅडमनी आप्पांना नावं शिकवली. डॉक्टरसाहेबांनी ठाण्याहून आमचा रिपोर्ट मागवला. मागणी आली, मला पडद्यावर दिसली. पण ठाण्यात काहीच पोचेना.

"मॅडम, मी सांगत होतो..."

"थांबा हो! विचारणारा स्वतःचं ठाण्याचं नाव सांगत आलाय. त्याच नावाचं इथेही कुणीतरी आहे. उत्तर घरातल्या घरात फिरतंय." अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी उगाच परत खोचला. "इकडे येताना तुम्हालाही वेगळं नाव घ्यावं लागणार."

"आम्हाला? अहो, विकत आम्ही घेतलंय!"

"आप्पांना त्याचं काही पडलेलं नाही."

त्यांनी ठाण्याच्या दारावरच्या आप्पांनाही समजावलं. मग टेबलाखाली शिरून एक वायर घट्ट करायला लागल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला, "झाला का गं माझा शुगरचा रिपोर्ट?" गल्लीतल्या लेले आजी. दर महिन्याच्या.

"आत्ताच ठाण्याला पाठवते, आजी," म्हणत मी बटण दाबलं.

"आला!" फोनमधून डॉक्टरसाहेब ओरडले. "रिपोर्ट आला!"

मी उडीच मारली. आजी मात्र टेबलाखाली वाकून बघत होत्या. "ही शैला का गं? मास्तरांची शैला?"

टेबलाला डोकं आपटल्याचा आवाज झाला. मृणाल मॅडम डोकं चोळत बाहेर आल्या. "हो, काकू."

मी दोघींकडे बघतच राहिले.

"लग्नात काहीतरी दुसरं नाव ठेवलं ना तुझं?"

"थोरल्या जाऊबाई शैला. मग ताटात तांदूळ पसरून मला मृणाल केलं." मॅडम हसल्या. "पण ते ठाण्याला. इथे शैलाच."

"आई गेल्यावर फिरकली नाहीस ती!"

"दादाने घर विकलं, काकू. यायचं कुणाकडे?"

आजींनी मॅडमच्या पदराला लागलेली धूळ झटकली. "शैले, आमटीभात झालाय. चल."

एरवी सगळं पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय मॅडम जागच्या हलायच्या नाहीत. त्या दिवशी सॅकसुद्धा तिथेच टाकून, "वैशू, आप्पांकडे लक्ष ठेव," एवढं म्हणून त्या आजींच्या मागोमाग गेल्या.

सोमवारी दोन्ही लॅब जोडलेल्या होत्या. डोंबिवलीचं एकही मशीन हललं नाही, कुणाचाही नंबर बदलला नाही, आणि आमच्या तिघांच्या नोकऱ्या राहिल्या.